बापू मास्तरांचा आकार

बापू मास्तर आकडे बोलत नसत, गात. उभ्या धाग्यांचा नवा ताणा मागावर चढवण्याआधी प्रत्येक धागा चार चौकटींपैकी कोणत्या चौकटीतून ओढायचा, हे नक्षीप्रमाणे ठरलेलं असतं. एक, तीन, दोन, चार. मास्तरांनी एकला सा दिला होता, दोनला रे, तीनला ग, चारला म. अक्षरंही उच्चारायची नाहीत, नुसता आकार लावायचा. कारखान्याच्या मागच्या खोलीत ते गायचे आणि समोर बसून मी धागे ओढायचो.

सत्तरच्या आधीची गोष्ट. सातवी सोडून मी धुळ्याकडून सुरतेला आलो होतो. आज कामावरून काढतील, उद्या काढतील, हीच धास्ती. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "गाता येतं?"

"नाही."

"मग रडता तरी येत असेल. बैस."

चुकलो की धागा ओढायचा लोखंडी हूक बोटांवर बसायचा. "बोटं आहेत का भेंड्या?" त्या माराने हात तयार झाला, पोटापाण्याला लागलो. ते उपकार मी विसरलेलो नाही.

मास्तरांची उमेदीची वर्षं मागाच्या खडखडाटात गेलेली. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. एकदा त्यांचा ग घसरून रेवर आला. मी थांबलो. "मास्तर, तीन का दोन?"

त्यांना वाटलं, मी उलट बोललो. हूक बसला. "गातो तसं ओढ!"

ओढलं. कापड निघालं तर नक्षीतली शंकरपाळी मधोमध मोडलेली.

जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना, शेठ ते कापड हातात घेऊन आला. "आ कोणे कर्युं?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याने! बहिरं आहे कार्टं. गावी धाडा."

शेठ मास्तरांच्या पाठीमागे गेला आणि मोठा पाना फरशीवर आपटला. आम्ही सगळे दचकलो. मास्तर सांगतच होते, "कानच नाहीत हो त्याला."

कामगार पोट धरून हसले. "तुना कान कोठे शेतस रे बापू?" एकजण अहिराणीत ओरडला. मास्तरही हसले, त्यांना वाटलं, मला हसताहेत.

शेठने त्यांची जागा मला दिली. संध्याकाळी मी मास्तरांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "रडू नको पोरा. दुसरीकडे लागेल काम."

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर आले, आपल्या जागेवर बसले. शेठ मला म्हणाला, "त्याला काढलंय, तूच समजाव."

मी आधी माझ्या कानांवर हात ठेवले. मग दाराकडे बोट दाखवलं.