कुटलेली राळ

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं.

आमचे हे लाकडाला रोगण लावायचं काम करत. पिंपरीला कारखान्यांची नवी घरं उठत होती, तेव्हा त्यांना दारं-खिडक्यांचं मोठं काम मिळालं. त्यांनी चिंचवडच्या अत्तारचाचांच्या दुकानातून अर्धं पोतं राळ उधार आणली. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. जवसाच्या तेलात उकळली की तिचं रोगण होतं. दोन दिवस आम्ही दोघांनी ती कुटली. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला, आणि त्या तापातच ते गेले.

कुटलेली राळ परत कोण घेणार? चाचा राहू दे म्हणाले. पण त्यांच्या वहीत यांच्या नावापुढे चाळीस रुपये होते, ते मला तसे ठेवायचे नव्हते.

आई टाचांच्या भेगांसाठी राळेचं मलम करायची, ते आठवलं. गोड्या तेलात राळ विरघळवायची, गाळून परातीत ओतायची, पाणी घालून तळहाताने फेसायची. ते पाणी टाकून नवं घ्यायचं. शंभर पाण्यांनी ते लोण्यासारखं पांढरं होतं. मी मोठ्याने मोजत असे. कित्येक दिवस घरात तेवढाच आवाज असे.

डबा चाचांच्या फळीवर ठेवून मी खाली मान घालून निघायची. शेतातल्या बाया भेगांना मलम नेत, कारखान्यातले लोक भाजल्या हाताला. विक्रीचे पैसे चाचा उधारीतून वजा करत. एकदा ते मागून म्हणाले, "पोरी, जरा थांबत जा. मी पैसे बुडवले तर तुला कळणार कसं?" हे गेल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

दीड वर्षात पोतं तळाला गेलं. उधारीचे तीन रुपये राहिले आणि ओंजळभर राळ. ती मला ठेवायची होती. यांचे कपडे विरून गेले होते. राळ तव्यावर जरा ऊन केली की घरात यांचा वास येई, कामावरून नुकतेच आल्यासारखा. चार दिवस ती फडक्यात बांधून उशाशी ठेवली. पाचव्या दिवशी तेल तापवलं आणि शंभर पाणी मोजलं.

तो डबा संपल्यावर चाचांनी वहीतल्या यांच्या नावावर रेघ मारली. त्या दिवशी मी थांबून, समोर उभी राहून बघितलं. सगळे पैसे फिटले होते.