बेकरीवाल्याच्या संडासाचं दार

तिला सगळे कडीवाली म्हणायचे. बाप लोखंडी दारं-खिडक्या करायचा. मुलाची वाट बघता बघता मुलगीच हाताशी आली आणि कानस धरायला शिकली. पुढे लग्न झालं. नवऱ्याच्या घरी खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, आतून नव्हती. नवरा हात उचलायचा. एकदा तो कामावर गेल्यावर तिनं बापाची अवजारं आणली आणि दाराला आतून जाडजूड कडी ठोकली. संध्याकाळी नवऱ्यानं तिच्याऐवजी दार बडवलं. दाराला काही झालं नाही, त्याचा मात्र अंगठा सुजला. थोड्या दिवसांनी तो दुसऱ्या एका बाईकडे राहायला गेला. तिच्या दाराला कडी नसावी.

बापाच्या मागं दुकान तिनं चालवलं. नियम एकच. राहत्या खोलीला बाहेरून कडी बसवायची नाही. "गोठ्याला बसवते, गोदामाला बसवते. माणसं कोंडायची असतील तर दुसरं दुकान बघा," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. आतून मात्र कुठंही, कुणालाही. नळावर एखादी म्हणायची, "हल्ली मांजर फार आत येतंय गं आमच्याकडे." ऐकणारी समजायची आणि दुकानाचा पत्ता द्यायची. मग कडीवाली पिशवी घेऊन हजर.

"मांजर?" घरधनी विचारायचा. "आमच्याकडे कुठलं आलंय मांजर?"

"येईल," ती म्हणायची आणि दाराला भोक पाडायला घ्यायची.

अशी त्या भागातली बरीच मांजरं बाहेर राहिली.

गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती. बेकरीवाल्याच्या मागल्या अंगणात घरादाराला मिळून एकच संडास, आणि त्याचं लाकडी दार पार कुजलेलं. धाकट्या भावाचे सासरे पाहुणे आले, आत बसले आणि वाऱ्यानं दार सताड उघडलं. सासरे चहाला न थांबता परत गेले. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला स्वतः दुकानात आला.

"लोखंडी दार कर. कडी अशी बसव, की लाथ घातली तरी उघडता कामा नये."

तिनं तशी बसवली.

पुढं पावसाळा नुकताच लागला होता, तेव्हा एका सकाळी बेकरीवाला पुन्हा आला. या वेळी जपून पावलं टाकत, गुडघे जवळ धरून.

"चल बाई लवकर. पोरगी आत बसलीय."

"बसू द्या की. सकाळची वेळ."

"तशी नाही बसली! पुस्तकं घेऊन बसलीय!"

भानगड अशी होती. पोरगी नववी पास झाली, आणि बापानं जाहीर केलं की शाळा पुरे, आता गल्ल्यावर बसायचं, पुढल्या साली उजवून टाकू. पोरीची आई म्हणाली, "दहावी तरी होऊ द्या." तिच्या थोबाडीत बसली. पोरीनं ते पाहिलं, दप्तर उचललं, पाण्याची बादली उचलली आणि जाऊन आतून कडी घातली. शाळेत नाव राहील तेव्हाच बाहेर येईन, म्हणाली.

कडीवाली पोचली तेव्हा अंगणात रांग होती. बेकरीवाल्याची आई टमरेल घेऊन दगडावर टेकली होती. धाकटा भाऊ खांद्यावर टॉवेल टाकून येरझारा घालत होता. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी, एक गाल लाल.

"तोड ती कडी," बेकरीवाला म्हणाला.

"तुटायची नाही. तुमचीच ऑर्डर होती."

"मग करायचं काय?"

"आतल्या माणसाला काय पाहिजे ते द्यायचं."

"बाप आहे मी तिचा! तिच्यापुढं नाक घासू?"

"मग बसा निवांत."

निवांत बसणं त्याच्या पोटाला त्या घडीला झेपणारं नव्हतं. भाऊ म्हणाला, "दादा, मी शेजारी जाऊन विचारलं. ते म्हणाले, आजच्या दिवस चालेल, पण घरातलं एकच माणूस या."

म्हातारीनं टमरेल दगडावर आपटलं. "अरे मुडद्या, जाऊ दे की तिला शाळेत! माझं वय आहे का हे धरून ठेवायचं?"

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. बेकरीवाला दारापुढं जाऊन ओरडला, "जा बाई शाळेत! कर दहावी! उघड!"

आतून कडी ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. दार काही उघडेना. कडीवालीच्या कानानं ओळखलं. कडी तिनं हौसेनं गच्च बसवली होती, फट ठेवलीच नव्हती. त्यात पावसाची ओल लागली आणि कडी जाम झाली. चूक तिचीच.

"मावशी," आतून बारीक आवाज आला, "ही कडी..."

"गप," कडीवाली दाराला तोंड लावून म्हणाली. "बाप बोलतोय. थोरांच्या मध्ये बोलू नये."

बेकरीवाल्याला घाम फुटला. "आता आणखी काय पाहिजे हिला?"

कडीवाली आभाळाकडं बघत राहिली. उत्तर म्हातारीनं दिलं. "पोरीदेखत बायकोला मारलंस ना? त्याचं बोल."

बेकरीवाल्यानं डोळे मिटले आणि दाराला सांगितलं, "पुन्हा हात नाही उचलणार."

"दाराला काय सांगताय?" बायको उंबऱ्यातून म्हणाली. "मी इकडं आहे."

तो वळला. बायकोकडं बघून तेच पुन्हा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायला त्याला जास्त वेळ लागला.

मग कडीवालीनं पिशवीतनं छिन्नी काढली, बिजागऱ्यांच्या खिळी खालून ठोकून वर काढल्या आणि भावाच्या मदतीनं अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं. आत पोरगी भूगोलाचं पुस्तक छातीशी धरून उभी. ती बाहेर, बाप आत. भावानं टॉवेल आडवा धरला आणि मान फिरवली.

बाहेर आल्यावर बेकरीवाल्याला कंठ फुटला. "हे आधीच का नाही केलंस?"

"आधी तुमचं बोलणं व्हायचं होतं."

"बरं, बसव आता दार."

"कडी जाम झालीय. दुकानात नेऊन घासावी लागेल."

"कधी देशील?"

"पोरगी शाळेत गेली की."

"अगं, शाळा सोमवारी उघडते!"

"मग सोमवारी. तोवर बायका माझ्याकडे येतील, माझ्या संडासाला दार आहे. तुमचं तुम्ही बघा."

हातगाडीवर घालून दार भर गल्लीतून गेलं. ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही ठाऊक झालं. भावांनी मैद्याची पोती उसवून पडदा केला. पडद्याला वजन नसतं आणि वारा कुणाचं ऐकत नाही. बेकरीवाल्यानं त्या दिवसांत जेवण निम्म्यावर आणलं.

सोमवारी पोरगी दप्तर घेऊन दुकानावरून गेली. तिच्या मागं बाप. तिला शाळेच्या फाटकात सोडून तो थेट दुकानात आला.

"गेली."

"बघितलं."

कडीवालीनं कडी पकडीत आवळली आणि कानस चालवायला घेतली. तो स्टुलावर बसून राहिला.

"जरा सैल ठेव या वेळी," तो म्हणाला.

"आतून एका बोटानं सरकेल. बाहेरून तुमच्यासाठी तेवढीच पक्की."

"घरात म्हातारी काय म्हणते माहीत आहे?" तो म्हणाला. "शाळेत रोज सोडायला तूच जायचंस, म्हणते."

"मग?"

"मग काय. मैदा मळून झाला की जाईन."

कडीवालीनं कडी उजेडात धरून बघितली, फुंकर मारून लोखंडाचा भुसा उडवला, आणि पुन्हा घासू लागली.