पाच प्राण्यांच्या पट्ट्या

तेव्हा आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि माझी लेक पीएचडी करत होती. तिनं मला समजावलं होतं ते असं: प्रथिन म्हणजे लांब माळ, तिचा एकेक मणी एकेका अक्षरानं लिहितात; पुष्कळशा प्रथिनांच्या तोंडाशी वीस-पंचवीस अक्षरांचा पत्ता असतो, कुठे जायचं त्याचा. प्रथिन मार्गाला लागलं की पेशी तेवढा तुकडा कापून टाकते. मासा, बेडूक, कोंबडी, गाय, माणूस, सगळ्यांचं प्रथिन बरंचसं सारखं. पत्ता मात्र ज्याचा त्याचा. तिच्या सरांना त्या पत्त्यातही सारखेपणा हवा होता. तीन वर्षं तो सापडत नव्हता, आणि फेलोशिप महिन्याभरात संपत होती.

मी सातवी शिकलेली. पण त्या पाचही प्राण्यांच्या अक्षरांच्या प्रिंटाउटच्या पट्ट्या कापून, एकाखाली एक ठेवून सारख्या अक्षरांना सारखा रंग मी द्यायची. पट्टी रंगायची, सुरुवातीचं टोक तेवढं पांढरं. पोरीचं जेवण सुटलं होतं.

एका दुपारी ती लॅबमध्ये असताना मी पट्ट्या घेऊन बसले. बाजारातलं चौकड्याचं कापड आयुष्यभर शिवलंय मी. चौकडीला चौकडी जुळवायची, मध्ये येईल ते छाटायचं. तसंच केलं. इथली दोन अक्षरं, तिथली तीन कात्रीनं उडवली, खळ लावून चिकटवलं. पाचही प्राण्यांचे रंग एका रेषेत!

संध्याकाळी ती बघतच राहिली. "आई, यार, मला हे दिसलं कसं नाही?"

सांगणार होते हो मी. पण तिनं तीन पोळ्या खाल्ल्या. म्हटलं, आधी जेवू दे. हात धुऊन ती तशीच खालच्या एसटीडी बूथवर गेली आणि सरांना फोन करून आली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सरांनी माझ्या चिकटवलेल्या पट्ट्यांशेजारी मूळ प्रिंटाउट ठेवला. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, मछली के अक्षर बिल्ली खा गई क्या?"

घरी येऊन तिनं एवढंच विचारलं, "कापलंस?"

"जास्तीचं होतं गं ते."

"तेच तर होतं, आई."

माझं नाव तिनं सांगितलं नाही. आपणच कापलं म्हणाली. फेलोशिप वाढली नाही, प्रबंध राहिला तो राहिलाच. पुढे आम्ही नोएडाला आलो, ती कंप्यूटरच्या कंपनीत लागली.

परवा जेवताना मी म्हटलं, "सरांना खरं काय ते सांगू का गं?"

"किसको, आई? ते केव्हाच रिटायर झाले."

आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठली.