छ्या मिस्त्रीचं नाक

कामठा रोडवर पत्र्याच्या छपरीत गॅरेज चालवणाऱ्या छ्या मिस्त्रीचं नाक एवढं तिखट होतं, की कचारगडच्या जत्रेत कुणी बिडी पेटवली तर इकडे तो शिंकायचा. हे मी जरा कमी करूनच सांगतो आहे. खरं नाव त्याच्या रेशनकार्डावर असेल. आम्हाला ते कधी लागलं नाही. कुठलंही बॉनेट उघडलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा ‘छ्या!’ आणि मग तो बाजूला वळून असा थुंकायचा, की त्या जागी चार वर्षं गवत उगवलं नाही.

गाडी चालू करून उभी ठेवायला लावायची, मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवं बसायचं आणि डोळे मिटून धूर हुंगायचा, ही त्याची तपासणी. ‘ऑइल जळून राहिलं.’ ‘एक प्लग ओला आहे.’ एका ठेकेदाराला तर त्यानं धूर हुंगून विचारलं होतं, ‘काल डिक्कीत मटन नेलं होतं का?’ नेलं होतं. मिस्त्रीची किळस यंत्रापेक्षा मालकांवर जास्त. ‘माणूस दोनदा आंघोळ करते अन् गाडीच्या पोटात उकिरडा पाळते. छ्या!’

माझी गाडी म्हणजे वडिलांची, कार्बोरेटरच्या जमान्यातली. पळताना हरीण, थांबली की मरणपंथाला लागलेली म्हातारी. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की थरथरायची, खोकायची आणि बंद पडायची. सालेकशाच्या वाटेवरचं रेल्वे फाटक हे तिचं ठरलेलं स्मशान. फाटक उघडायचं, आमची गाडी मेलेली, आणि मागून मराठी, हिंदी, छत्तीसगढी अशा तीन भाषांत माझ्या खानदानाचा उद्धार.

अशात माझ्या मुलीचं, सुजाताचं, लग्न ठरलं. सासर सालेकशालाच. तिनं जाहीर केलं, ‘बाबा, मी जाईन तर आजोबांच्याच गाडीत.’ माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: फाटकात नवरी आत बसलेली आणि नवरदेव सूट घालून गाडीला धक्का मारतोय.

पंधरा दिवस हातात होते. सरळ मिस्त्रीकडे जायचं सोडून मी गोंदियात गेलो. का, ते पुढे कळेल. तिथला दुकानदार म्हणाला, ‘भाईसाब, पुरानी गाडी का दम घुट रहा है. फिल्टर खुला लगाओ, सायलेन्सर मोटा डालो, फिर देखो.’ त्यानं जुना फिल्टरचा डबा झाकणासकट काढून माझ्या हातात दिला, जागी नरसाळ्यासारखा चकचकीत फिल्टर बसवला आणि मागे नगरपरिषदेच्या नाल्याला शोभेल असा पाइप जोडला. गावात शिरलो तेव्हा तीन म्हशींनी दूध चोरलं आणि एका बहिऱ्या आजोबांनी ‘कोण हाक मारते?’ म्हणून विचारलं. दारात येऊन पाय उचलला, आणि गाडी मेली. तशीच, फक्त आता मोठ्यानं.

शेवटी गेलो. मिस्त्रीनं रस्त्यावरूनच हात केला. ‘थांब तिथंच! हे घान घेऊन माह्या दारात येऊ नोको.’

‘मिस्त्रीकाका, सुजाताची पाठवणी आहे या गाडीत.’

‘मंग तिच्या गाडीचं हे काऊन केलं? इंजिनाले श्वास पाहिजे बाबू, बोंब नाही. जुना डबा कुठं आहे?’

डबा गोठ्यात पडला होता, तो आणला. मिस्त्री म्हणाला, ‘उघड. हुंग.’ एरवी तो स्वतः हुंगायचा; मला वाटलं, ही शिक्षा. झाकण उघडलं. आत उंदरानं गेल्या हंगामात साठवलेली मोहफुलं, कुजून काळी झालेली, आणि त्या गोड सडक्या चिखलात खुद्द उंदीर, सपाट. मी दोन दिवस जेवलो नाही. बरं, एक दिवस. तो डबा त्यानं माझ्याच हातांनी धुवून घेतला.

मग त्यानं रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवलं. कार्बोरेटरच्या खाली थांबला. ‘इथं हवा चोरून राहिली. सुसू वाजते, आयक.’ तिथल्या होजला, म्हणजे हवेच्या रबरी पाइपला, चीर होती आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. चिरेतून फुकटची हवा आत जायची, म्हणून गाडी उभी राहिली की दम सोडायची. मिस्त्रीनं पट्टी सोलून माझ्या नाकाखाली धरली. ‘हुंग. काय येते?’

‘पंक्चरचं सोल्युशन,’ मी पटकन बोललो.

‘पाच वर्षांचं वाळलेलं सोल्युशन तुले बरं ओळखू आलं!’

ती पट्टी मीच बांधली होती. म्हणून तर मी गोंदियाला पळालो होतो. ‘छ्या!’ तो म्हणाला आणि थुंकला. निदान पायावर नाही.

दहा दिवस तो खपला. नवा होज घातला. नाल्याचा पाइप काढून मूळच्यापेक्षा बोटभरच रुंद, सावकाश वळणाचा पाइप स्वतः वेल्ड केला. धुतलेला डबा परत बसवला आणि हेडलाइटच्या मागून त्याला थंड हवेची वाट काढली, तोंडाशी उंदीर शिरू नये म्हणून जाळी. चहाचा भरलेला ग्लास चालू इंजिनावर ठेवला. चहाला सुरकुती पडली नाही.

लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. सुजाता गाडीत बसली, गाडी चालू होती, बायका रडत होत्या. पाहतो तर मिस्त्री मागे सायलेन्सरपाशी उकिडवा. मला बाजूला ओढून हळूच म्हणाला, ‘बाबू, हुंगून सांग. कसा वास येऊन राहिला?’

‘तुम्हीच सांगा ना.’

‘मले दोन वर्षांपासून काहीच येत नाही. त्या साथीच्या तापात नाक गेलं. हवेचा स्क्रू कानानं लावला, पन खात्री नाही. कोनाले सांगू नोको.’

मी जन्मभर थापा मारल्या. ‘एकदम स्वच्छ, काका,’ हे माझ्या जिभेवर तयार होतं. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटलं असतं. पण फाटक आठवलं. कडक इस्त्रीच्या कपड्यांत मी गुडघ्यांवर बसलो, आख्ख्या वऱ्हाडादेखत धूर हुंगला.

‘थोडं कच्चं पेट्रोल येते, काका.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, बॉनेट उघडून हवेचा स्क्रू पाव फेरा सैल केला. ‘आता?’

‘आता नाही.’

‘खरं?’

‘सुजाताची शपथ.’

तासाभरानं तिचा फोन आला. ‘बाबा, फाटक पंधरा मिनिटं बंद होतं, गाडी एकदाही बंद नाही पडली!’ मिस्त्री कोपऱ्यात बुंदी खात बसला होता. मी धावत जाऊन सांगितलं.

‘पंधरा मिनिटं उभी गाडी चालू ठेवली?’ तो म्हणाला. ‘फुकट पेट्रोल जाळलं. छ्या!’ पण बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली.

त्याच पावसाळ्यात तो छपरी विकून लेकीकडे डोंगरगडला गेला. आता त्या छपरीच्या जागी काच लावलेलं दुकान आहे आणि नाल्यासारखे सायलेन्सर रांगेनं टांगलेले असतात. जाता-येता मी गाडी उभी करतो, बाजूला वळून ‘छ्या!’ म्हणतो आणि जोर लावून थुंकतो. पण गवताला काही होत नाही. हिरवंगार उगवतं.