मौनवाल्या शाळेचे बोलके माजी विद्यार्थी

माजी विद्यार्थी मंडळाच्या मीटिंगला मी कामासाठी म्हणून जातो आणि किस्से घेऊन घरी येतो. काम कधी होतं, कधी राहतं. किस्सा मात्र एकही मीटिंग चुकवत नाही! बायको म्हणते, "तुमी शाळेले देता काय, आन आणता काय!" तिचंही बरोबर आहे. पण आमची शाळाच तशी, त्याला मी काय करू?

वणीहून झरी जामणीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत ही शाळा लागते. फार वर्षांपूर्वी एका गोऱ्या क्वेकर नवरा-बायकोनं काढलेली. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ. त्यांच्यात पुजारी नाही, मूर्ती नाही, भजन नाही. प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी गोल करून गप्प बसायचं. कोणाला आतून अगदीच राहवलं नाही, तर त्यानं उभं राहून बोलायचं आणि खाली बसायचं. त्याला कोणी उत्तर द्यायचं नाही. साहेब-बाई केव्हाच गेले, शाळा आता इथलेच लोक चालवतात, पण सकाळचं मौन अजून तसंच आहे. म्हणून सगळे तिला 'मौनवाली शाळा' म्हणतात. तिथं दहा वर्षं गप्प बसायला शिकून मी झालो काय? कोळशाच्या ट्रकांचा मालक! दिवसभर ड्रायव्हरांवर फोनवरून ओरडतो.

*

आमचा शफीक. आज वणीत त्याचं तर्री-पोह्याचं हॉटेल जोरात चालतं. पाचवीत असताना हा पठ्ठ्या भर मौनात उभा राहिला आणि म्हणाला, "मले भूक लागली." बसला खाली. नियम म्हणजे नियम, कोणी हसलं नाही. हेडसर डोळे मिटून बसलेले.

दुसऱ्या दिवशी मौन संपलं आणि बाहेर घमेलंभर गूळ-फुटाणे! आम्ही तर थक्क. उभं राहिलं की मिळतं, एवढं आमच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी जो तो उभा राहायला लागला. एक म्हणाला, "मले भी भूक लागली." दुसरा म्हणाला, "मले आतून जिलबी खावी वाटून राह्यली."

हेडसरांनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. डोळे न उघडताच म्हणाले, "देव एवढ्या डिटेलमधी बोलत नाई. बस खाली!"

दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी सगळ्या पोरांना नाश्ता आजही शफीककडून असतो. जिलबीसकट.

*

आमच्या मंडळात मतदान नसतं. ही पण शाळेचीच सवय. सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे, एकाला जरी पटलं नाही तरी गाडी थांबली. समोरासमोर हे कसंबसं जमतं. व्हॉट्सॲपवर कसं जमायचं?

ग्रुपची ॲडमिन वंदना रामटेके, नर्स आहे, एकदम शिस्तीची. तिनं लिहिलं, "लायब्ररीसाठी काय द्यायचं? आधी सर्वांनी मनात शांत विचार करावा, मगच लिहावं." झालं! ग्रुप गप्प. रोजची गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा बंद. आठवडा गेला तसा मी तिला फोन केला, "वंदनाताई, ग्रुप मेला का वं?"

"मेला नाई भाऊ, विचार करून राह्यला."

शेवटी कोणीतरी चुकून भाच्याच्या बर्थडे केकचा फोटो टाकला. मौन सुटलं म्हणून लोकांना इतका आनंद झाला की खाली धडाधड 'सहमत', 'सहमत', 'पूर्ण सहमत'! लायब्ररीला काय द्यायचं ते राहूनच गेलं. वंदनाताई अजून विचारते, "आपण नेमके कायले सहमत झालो होतो?"

*

देणाऱ्यांची आमच्याकडे कमी नाही. अडचण वेगळीच असते. आमचा एक दोस्त फौजेत, तेव्हा पार बर्फात पोस्टिंगला. शाळेच्या आठवणीनं त्याचं मन भरून आलं आणि त्यानं पोरींच्या हॉस्टेलसाठी जाड लोकरीच्या घोंगड्यांचा गठ्ठा पाठवला. पोचला कधी? एप्रिल महिन्यात! आमच्या वणीचा एप्रिल म्हणजे झाडावरची चिमणीही सावली सोडत नाही. गठ्ठ्याकडे बघूनच मला घाम फुटला.

पण आपल्या पोरी हुशार. त्यांनी घोंगड्या पाण्यात भिजवल्या आणि खिडक्यांना टांगल्या. आत काय थंडगार वारा! फौजी सुट्टीवर आला तेव्हा पोरी त्याच्याभोवती जमल्या, "काका, तुमी पाठवलेला कुलर लय भारी हाय!"

तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अबे, मी कुलर कधी पाठवला?"

*

शाळेचा आणखी एक नियम म्हणजे देणाऱ्याचं नाव कुठंच लावायचं नाही. पाटी नाही, फोटो नाही, सत्कार नाही. हा नियम आमच्या भागात पाळायचा म्हणजे तपश्चर्याच हो! इथं लोक देवळाला पायरी देतात आणि पायरीपेक्षा नाव मोठं लिहितात.

सिमेंटवाले पुंडलिकराव आमच्याच शाळेचे. त्यांनी वर्गांना पंखे दिले आणि प्रत्येक पात्यावर लाल रंगात स्वतःचं नाव घालून आणलं. आमच्या हेडमिस्ट्रेस आत्राम मॅडम बोलायला अगदी मऊ, पण तसूभर हलायच्या नाहीत. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, पुंडलिकरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लावा. फिरत्या पंख्यावर कोणाले वाचता येते?"

आता उन्हाळ्यात पंखा बंद कोण करतो? पण आमच्याकडं लाइन जाते ना! लाइन गेली, पाती थांबली, की नाव दिसायला लागतं. पोरांनी बरोबर ठरवून टाकलं. लाइन गेली की सगळा वर्ग ओरडतो, "आला पुंडलिकराव!"

एकदा ते स्वतः शाळेत आले आणि नेमकी त्याच वेळी लाइन गेली. वर्गावर्गातून गलका, "आला पुंडलिकराव! आला पुंडलिकराव!" गड्याचे डोळे पाणावले. मला म्हणाले, "पाह्य भाऊ, नाव लावाची गरज नाई. लेकरं वळखतात मले!"

*

आता हा किस्सा. सुरुवातीला तर आमच्यापैकी कोणालाच हसू येत नव्हतं.

मेमधल्या वादळात हॉस्टेलचं छत उडालं. टिना, म्हणजे पत्रे, पार चुरगळून शेजारच्या वावरात जाऊन पडल्या. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेले. छत नाही म्हणजे हॉस्टेल नाही, आणि हॉस्टेल नाही म्हणजे झरीकडच्या पोरी परत येणार नाहीत. आत्राम मॅडम स्वतः तिकडच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतून याच हॉस्टेलात राहून शिकलेल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, सरिताचा बाप येऊन गेला. म्हणे, हॉस्टेल सुरू झालं तं दहावी, नाई तं लगन." सरिता नववीत पहिली आलेली. मॅडमचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. माझं तर डोकंच फिरलं.

मंडळातले सर्वांत म्हातारे दोघं, नामदेवराव आणि भाऊराव. नामदेवरावांचा कोंबड्यांचा शेड बंद पडलेला, पण लोखंड, टिना सगळं धड. ते म्हणाले, "घेऊन जा सारा. कोंबड्या गेल्या, पोरी तरी राहू द्या." ट्रक माझा होता. पण शेडपर्यंत ट्रक जाईल अशी वाट एकच, भाऊरावांच्या वावरातून. आणि एका चटईवर बसून शिकलेल्या या दोघांचं दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, असं वाजलेलं, की कित्येक वर्षं बोलणं बंद. एक म्हणतो त्यानं धुरा कोरला, दुसरा म्हणतो यानं. त्यातून एकदा पाऊस पडला की त्या काळ्या मातीत ट्रक रुतलाच म्हणून समजा.

मीटिंगमध्ये भाऊरावांना विचारलं. ते म्हणाले, "पाहू." आमच्याकडं 'पाहू' म्हणजे नाही.

"चला, मौन धरू," मॅडम म्हणाल्या आणि दोघांच्या खुर्च्या त्यांनी स्वतः शेजारी-शेजारी लावल्या. मौन संपवायची आमची रीत अशी, की दोघा ज्येष्ठांनी एकमेकांचा हात मिळवायचा. तोवर कोणी उठायचं नाही. भांडणामुळं आम्ही ते काम दुसऱ्यांवर सोपवत आलो होतो. मॅडम म्हणाल्या, "आज रीतीनं होऊ द्या."

बसलो. वेळ जात राहिला. चहा आला, त्यावर साय धरली. मला तीन फोन येऊन गेले, उचलता येईना! दोन्ही म्हातारे भिंतीकडे बघत बसलेले. मग भाऊरावांची चुळबुळ सुरू झाली. त्यांना शुगर. आधी पाय हलवला, मग मांडी दाबली, मग धोतर सावरलं. चेहरा लालबुंद. सगळ्यांना कळत होतं, पण बोलणार कोण?

शेवटी त्यांनी झटक्यात हात पुढं केला, "घे बाप्पा, मिळव! मले लघवीले जाऊ दे!"

नामदेवरावांनी हात धरला तो सोडेचनात! म्हणाले, "आधी ट्रकचं बोल."

"अबे सोड!"

"ट्रकचं बोल."

"ने ना बे! वावरातून ने, धुऱ्यावरून ने, माह्या डोक्यावरून ने! पण हात सोड!"

हात सुटला आणि भाऊराव धोतर धरून पळाले. शफीक खुर्चीवरून पडायचा राहिला. मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांनी तिथूनच सरिताच्या बापाला फोन लावला, "पोरीले पाठवा. छत होऊन राह्यलं."

तेवढ्यात भाऊराव सावकाश परत आले. नामदेवरावांसमोर उभे राहिले. हात धोतराला नीट कोरडा केला आणि पुन्हा पुढं केला.

"मघाचा घाईचा होता," ते म्हणाले. "आता धर."