सुरमईचं डोकं
लालबागच्या खानावळवाल्या मावशींमुळे मी पहिल्यांदा चारचौघांत बोललो. सुरमईच्या आमटीचा वास आला की ती पंगत आठवते. मुंबई महाराष्ट्रात हवी की वेगळी, यावर तिथं रोज वाद रंगायचा. माझा खोलीतला जोडीदार मॅट्रिक झालेला. ‘गिरण्या आपल्या घामावर चालतात,’ तो म्हणायचा. ‘पण भांडवल शेठलोकांचं, ते निघून गेले तर खाणार काय?’ असं कुणी विचारलं की त्यालाही चोख उत्तर द्यायचा. रविवारच्या सुरमईचं डोकं एकच, ते मावशी त्यालाच वाढायच्या. चौथीत शाळा सुटलेला मी आतून जळायचो. एकदा न राहवून बोललो, ‘मुंबई वेगळी झाली तर गावी आईला वाटेल, पोरगा परमुलखात गेला.’ सगळे हसले, तो सर्वांत मोठ्यानं. ‘हा काय मुद्दा झाला?’ मावशी पळी घेऊन पुढं आल्या. ‘गप रे मेल्या! माझी आईपण गावाकच आसा. तिकापण असाच वाटतला.’ आणि डोकं माझ्या ताटात पडलं. तो माझ्या ताटाकडे बघत राहिला, आणि खरं सांगतो, मासा जास्तच गोड लागला. मावशी मात्र सगळ्यांमागून उरलंसुरलं जेवायच्या. कधीतरी त्यांना आमच्या गावी नेईन, आईशेजारी पहिल्या पंगतीला बसवीन, आणि वाढायला मी उभा राहीन.