दाजींचा खड्डा

तमाम सुज्ञ जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या घराण्यात तीस-बत्तीस वर्षांपासून एक खड्डा आहे. तो अंगणात नाही, रस्त्यावर नाही, नगरपालिकेचा त्यात काही दोष नाही. तो एका कॅसेटमध्ये आहे, आणि तो माझ्या दाजींनी पाडला. यावर घरात कधी दुमत नव्हतं. दाजींचंही नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्न झालं तेव्हा ते हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीच्या एका अडत्याकडे मुनीम होते. अक्काला गाण्याचं वेड, त्यातही एका गवयाचं. रेडिओवर तो लागला की ती दुधाकडे बघायची नाही. दूध उतू जायचं, आई ओरडायची, गाणं चालू राहायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दाजींना कळलं, की वाशिमला त्या गवयाची घरगुती मैफल झाली आणि कुणीतरी ती टेप केली आहे. नव्या बायकोला खूश करायचं म्हणून ते तिकडे जाऊन कॅसेटची नक्कल करून घेऊन आले.

येताना जीपमध्ये त्यांना राहवलं नाही. त्यांनी कॅसेट लावली. कनेरगाव नाक्यावर चहाला थांबेपर्यंत टेपरेकॉर्डरने तिची फीत खाल्ली होती. दाजींनी ती हलक्या हाताने सोडवली, पेनाच्या टोकाने गुंडाळली आणि घरी आल्यावर अक्काला सगळं खरं सांगितलं. खरं बोलण्याची सवय माणसाला नडते ती अशी.

त्या कॅसेटमध्ये एक भजन आहे. वाट बघणाऱ्या बाईचं. शेवटच्या अंतऱ्यात ‘ये’ हा एकच शब्द घेऊन गवई वरच्या ‘सा’पर्यंत चढतो, तिथे उभा राहतो, आणि तेवढ्यात आवाज डगमगतो, खचतो, कुठेतरी खोल जातो. मग हळूहळू परत वर येतो. खाल्लेली फीत वाजते तसा, हुबेहूब. अक्काने तो पहिल्यांदा ऐकला, टेप बंद केला आणि म्हणाली, “इथंच खाल्ली न्हाई का फीत? बराबर इथंच.”

तेव्हापासून त्या जागेचं नाव खड्डा. ते भजन बाजारात कधी आलं नाही, वाशिमची मूळ टेपही पुढे पुसली गेली, त्यामुळे दुसरी प्रत नाही. भाच्याने पुढे ते मोबाइलवर घेतलं, खड्ड्यासकट. अक्का कणीक मळताना ऐकायची आणि ती जागा जवळ आली की हात थांबवायची. तो सूर सबंध कसा असेल, हे ती मनातल्या मनात गाऊन घ्यायची. आणि दाजींच्या हातून काहीही सांडलं, हरवलं, फाटलं की एकच वाक्य यायचं.

“झालं का तुमचं कनेरगाव?”

दाजी तो टोमणा गिळायचे आणि पाणी प्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी त्याच गवयाची मैफल ठेवली. सुट्टीचा दिवस, दुपार कलल्यावर, जागा हळदीच्या लिलावाची शेड. बातमी ऐकून अक्का खूश होईल असं मला वाटलं होतं. ती कणीक मळत राहिली. गवई आता ऐंशीकडे झुकलेले, आणि त्यांच्याबद्दल काहीबाही कानावर येत होतं. मागच्या एका मैफलीत म्हणे वरच्या सुरापाशी आले, नुसता हात वर केला आणि गाणं खाली उतरवलं. लोकांनी माना खाली घातल्या.

“मला न्हाई यायचं,” अक्का म्हणाली. “त्यो आवाज मोबाइलमधीच बरा हाय.”

“काहून? खड्डा तरी न्हाई ना तिथं,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे असं बघत राहिली, की मी चप्पल शोधू लागलो. पण त्या दिवशी ती ठेवणीतली निळी साडी नेसून सगळ्यांच्या आधी तयार होती.

शेडमध्ये पाय ठेवला आणि मला पहिली शिंक आली. पोती हलवली होती, जमीन झाडली होती, आणि झाडल्यामुळेच हळदीचा सगळा खकाणा हवेत उठला होता. सतरंज्या पिवळ्या, माइक पिवळा, तबल्यावरची पांढरी चादरसुद्धा पिवळी. जिथे धडधाकट हमाल तोंडाला रुमाल बांधतात, तिथे आम्ही एका म्हाताऱ्या गळ्याला बोलावलं होतं. त्यात औंढ्याच्या बाजूने काळं आभाळ चढून राहिलं होतं. निम्म्या श्रोत्यांची शिजवलेली हळद शेतात वाळत पडलेली, त्यामुळे ते स्टेजकडे कमी आणि बाहेर जास्त बघत होते. वर पत्रा. चार थेंब पडले तरी गाणं बुडालंच.

दाजी मला कोपऱ्यात घेऊन गेले. चेहरा चोरी करून आल्यासारखा.

“मेव्हणे, आयोजक शेठला सांगून आलो. त्येच भजन म्हणायला लावा म्हणलं.”

“दाजी, त्यांचा गळा राहिला न्हाई म्हणतेत.”

“तिला एकदा सलग ऐकू द्या. खड्डा बुजवून टाकू आज.”

“आन् सूर फाटला तर?”

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचा रंग शेडसारखा होत गेला. आधी कॅसेट, आता सबंध गवई. “थांबा, नको म्हणून सांगतो,” असं म्हणत ते वळले, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

गवई आले. इतके लहान. तो आवाज एवढ्याशा अंगातून यायचा, हे माझ्या डोळ्यांना पटेना. दोघांनी धरून त्यांना बसवलं. त्यांनी शाल सारखी केली, पाणी प्यायले, आणि पहिला सूर लावण्याआधी खोकले. माइकमधून तो खोकला पत्र्यावर आपटून परत आला. पंखे मंदावले, दिवे मिणमिणले. शेजारचा शेतकरी आभाळाकडे बघून पुटपुटला, “आज काय खरं न्हाई.” मला वाटलं, गाण्याबद्दलच बोलून राहिला.

अक्का स्टेजकडे बघतच नव्हती. मांडीवरच्या हातांकडे बघत होती. तीस वर्षं तो आवाज तिच्या स्वयंपाकघरात चेहऱ्याशिवाय राहिला होता, आणि आता चेहरा बघून आवाज गमवायची तिची तयारी नव्हती.

ते जपून गायले. वरच्या सुराच्या आसपास जायचे आणि बाजूने निघून यायचे. खोकला दोनदा आला, दोनदा त्यांनी रुमाल तोंडाला लावला, रुमाल पिवळा झाला. तासाभराने शेठ उठून त्यांच्या कानाशी लागले. पेटीवाल्याने लगेच मान हलवली, नको. गवयांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, “म्हणतो.”

पहिली ओळ आली. अक्काने माझं मनगट धरलं. पलीकडे दाजींनी डोळे मिटले; ओठ हलत होते. बाहेर एकदा गडगडलं. एक अंतरा झाला, दुसरा झाला, आणि मग तो ‘ये’. ते चढत निघाले. आता बाजूला वळतील, मला वाटलं. वळले नाहीत. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झाल्या. वरचा सा लागला, बारीक, कापरा, पण लागला. अक्काने मान वर केली.

आणि आवाज डगमगला. खचला. खाली, खाली जात राहिला.

मी डोळे मिटणारच होतो, तेवढ्यात तबलजी दिसला. सूर खचायला लागायच्या आधीच त्याने हात उचलून घेतला होता आणि मान झुकवली होती, ओळखीच्या उंबऱ्यापाशी झुकवावी तशी. गवयांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. ते तळापर्यंत गेले, क्षणभर तिथे थांबले आणि तिथून, एक-एक श्रुती चढत, परत त्याच ‘सा’पर्यंत आले. तेच वळण, तोच वेळ. वाट बघून खचलेली बाई परत उभी राहिली होती.

अक्काच्या गालांवर हळदीतून पाण्याचे दोन ओघळ आले होते. जो सूर एकदा तरी सबंध ऐकायचा म्हणून ती आयुष्यभर थांबली होती, तो तिने रोज सबंधच ऐकला होता. ती हळूच दाजींकडे वळली.

गाणं संपलं. टाळ्या पडायच्या आधी सगळी शेड श्वास रोखून बसते, तो क्षण. त्या शांततेत दाजी उभे राहिले आणि गवयांकडे बघून, सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“म्हंजी कॅसेट मी न्हाई बिघडवली.”